गाडीतला गारवा कुठे अडतो?

चैत्र सरून वैशाख तापू लागला की तालुक्याच्या गावी गॅरेजांपुढे गाड्यांची गर्दी होऊ लागते. बहुतेकांची तक्रार एकच असते, "एसीला पहिल्यासारखं कूलिंग राहिलं नाही." आणि त्यावरचे निदानही बहुधा ठरलेले असते, "गॅस संपला असेल, भरून टाकू." तक्रार खरी असते, निदान मात्र पुष्कळदा घाईचे असते. साध्या गाडीत ही घाई खिशाला चाट लावून जाते. हायब्रिड गाडीत तीच घाई सबंध गाडी जागेवर बसवू शकते. म्हणून आज या विषयाकडे आपण जरा शांतपणे पाहू.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. गाडीच्या एसीशी तर्कशास्त्राचे काय नाते, असे कुणाला वाटेल. पण बिघाड शोधणे म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणे, आणि या वाटेवर पाय कुठे घसरतो हे आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येते. पण अग्नी दिसला म्हणून धूर असेलच, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसेच इथे आहे. गॅस कमी झाला तर गारवा कमी होतो, हे खरे. पण गारवा कमी झाला म्हणून गॅसच कमी झाला असला पाहिजे, हे खरे नाही. गारवा कमी होण्याची निदान पाच-सहा वेगळी कारणे आहेत, आणि त्यांतली काही तर फुकटात दूर होणारी आहेत.

आधी हा गारवा येतो कुठून ते पाहू. आपल्या घरातला मातीचा माठ आठवा. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. गाडीच्या एसीतही हेच घडते. फक्त पाण्याऐवजी तिथे दुसरा पदार्थ असतो, ज्याला आपण सरसकट 'गॅस' म्हणतो. अनेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डाच्या आत दडलेल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि आतल्या हवेची उष्णता तो शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबून गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथे ती आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन पुन्हा द्रव होते, आणि फेरा परत सुरू होतो.

माठ आणि एसी यांत एक मोठा फरक मात्र आहे. माठातले पाणी उडून जाते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. एसीतला गॅस उडून जात नाही. तोच तो फिरत राहतो. पेट्रोलसारखा तो खर्च होत नाही. तेव्हा दोन-चार महिन्यांत गॅस खरोखरच कमी झाला असेल, तर तो कुठून तरी गळतो आहे. ती गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

आता हायब्रिड गाडीचे वेगळेपण पाहू. १९९७ साली जपानमध्ये टोयोटा कंपनीने प्रियस ही गाडी विकायला काढली. इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही तिच्यात होती. २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावरून सुटला आणि थेट विजेवर चालू लागला. आपल्याकडे २०२२ साली ग्रँड व्हिटारा, हायरायडर, होंडा सिटी अशा गाड्यांत ही पूर्ण हायब्रिड व्यवस्था आली. या गाड्यांत सिग्नलला इंजिन बंद पडले तरी कॉम्प्रेसर चालूच राहतो.

पण 'हायब्रिड' अशी पाटी असलेली प्रत्येक गाडी अशी नसते, बरं का. २०१५ साली सियाझ आणि अर्टिगा यांच्या डिझेल गाड्यांत जी सौम्य हायब्रिड व्यवस्था आली, तिच्यात कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावरच चालतो. तिथे इंजिन थांबले की कॉम्प्रेसरही थांबतो आणि पंखा तेवढा वारा फेकत राहतो. फाटकापाशी उभे असताना अशा गाडीत हवा कोमट येऊ लागली, तर तो बिघाड नव्हे. ती त्या गाडीची रीतच आहे. म्हणून पहिला प्रश्न हा, की आपली गाडी कोणत्या जातीची आहे? गाडीसोबत मिळालेली पुस्तिका ते सांगते.

दुसरा प्रश्न बटणांचा. गाडी 'इको' या रीतीवर ठेवली असेल तर पुष्कळ हायब्रिड गाड्या इंधन वाचवण्यासाठी एसीचा जोर मुद्दाम कमी करतात. गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेले बटण बंद असेल, तर एसी दर घटकेला बाहेरची तापलेली नवी हवा गार करीत बसतो. आणि गाडी दिवसभर उन्हात उभी होती का? तसे असेल तर आधी काचा उघडून दोन मिनिटे गाडी चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून ते बटण दाबा.

तिसरा प्रश्न असा विचारा: हवा कमी येते, की गरम येते? या दोन तक्रारी निराळ्या आहेत. हवा गार आहे पण झोत मंद आहे, तर संशय गॅसवर नव्हे, फिल्टरवर घ्या. अनेक गाड्यांत समोरच्या डाव्या कप्प्यामागे हवेचा फिल्टर असतो. आपल्याकडचे कच्चे रस्ते, मळणीचा भुसा, उसाच्या गाड्यांमागची धूळ हे सारे त्यात जाऊन बसते. कप्पा उतरवून तो बाहेर काढणे हे बहुतेक गाड्यांत कुणालाही जमण्याजोगे काम आहे. फिल्टर काळा पडला असेल तर बदला.

चौथा प्रश्न: गारवा केव्हा कमी होतो? गाडी धावताना हवा छान गार येते, आणि उभी राहिली की कोमट होते, असे आहे का? साध्या गाडीत याची दोन कारणे संभवतात. उभ्या गाडीत इंजिन मंद फिरते म्हणून कॉम्प्रेसरही मंद होतो, हे एक. कंडेन्सरला पुरता वारा मिळत नाही, हे दुसरे. पण पूर्ण हायब्रिड गाडीत कॉम्प्रेसरचा इंजिनाच्या वेगाशी संबंधच नसतो. म्हणजे पहिले कारण आपोआप गळून पडले, आणि संशय कंडेन्सरवर व त्याच्या पंख्यावर एकवटला. जाळीत किडे, चिखल, कापसाचे तंतू अडकले आहेत का पाहा. इंजिन आणि एसी बंद करून, गाडी थंड झाल्यावर, साध्या नळीच्या मंद धारेने ती धुवा. जोराच्या फवाऱ्याने तिचे नाजूक पत्रे वाकतात.

पाचवा प्रश्न खास हायब्रिडचा आहे. अशा पुष्कळ गाड्यांत मोठी बॅटरी प्रवाशांच्या जागेतलीच हवा ओढून स्वतःला गार ठेवते. तिच्यासाठी मागच्या आसनाखाली किंवा बाजूला एक छोटी जाळी असते. नेमकी जागा पुस्तिकेत दिलेली असते. त्या जाळीपुढे कुणी घोंगडी ठेवतो, कुणी कांद्याचे पोते टेकवतो. मग बॅटरीचा श्वास कोंडतो. ती तापली की गाडीतला संगणक तिच्यावरचा भार कमी करू पाहतो, आणि त्याची झळ एसीलाही लागू शकते. म्हणजे या गाड्यांत आतला गारवा केवळ माणसांसाठी नसतो; बॅटरीचे आयुष्यही त्याच्यावर अवलंबून असते. तेव्हा ती जाळी मोकळी ठेवा, आणि तिच्यामागचा फिल्टर वेळोवेळी साफ करून घ्या.

या पाचही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली आणि तरीही हवा गार होत नसेल, तर मग गॅसचा विचार करावा. इथे मालकाने स्वतः हात घालणे थांबवावे, हे मी आग्रहाने सांगतो. बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील. त्यांतून कॉम्प्रेसरला वीज जाते, आणि तिचा दाब घरातल्या विजेइतका किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. तिथे अपुऱ्या माहितीने घातलेला हात जिवावर बेतेल. गॅरेजमधल्या पोऱ्यालाही त्या तारांपाशी धाडू नका. तो कुणाचा तरी मुलगा आहे.

दुसरा धोका दिसत नाही, म्हणून अधिक वाईट. गॅसबरोबर कॉम्प्रेसरसाठी थोडे तेलही फिरत असते. पट्ट्यावरच्या कॉम्प्रेसरला चालणारे नेहमीचे तेल विजेच्या कॉम्प्रेसरला चालत नाही. त्याला वीज अडवणारे निराळे तेल लागते. चुकीचे तेल थोडे जरी आत गेले तरी वीज झिरपू लागते. संगणकाच्या ते ध्यानात आले की तो धोक्याचा दिवा लावतो, आणि काही वेळा गाडी सुरूच होऊ देत नाही. पाहा, तक्रार होती गारव्याची आणि बंद पडली गाडी! कर्ज काढून प्रवासी गाडी घेतलेल्या माणसाचा ऐन लग्नसराईतला धंदा अशाने बसतो. म्हणून कारागिराला आधीच तीन प्रश्न विचारा. हायब्रिडसाठीचे तेल तुमच्याकडे आहे का? गळती शोधणार ना? आणि गॅस वजनावर भरणार ना?

वजनाचे कारण समजून घ्या. एसी बंद असताना नळीतला दाब हा आत थोडासा जरी द्रव उरला असेल तरी तापमानावर ठरतो. गॅस किती आहे त्यावर नव्हे. अर्ध्या आणि भरल्या सिलिंडरमधला दाब सारखाच असतो, तसे हे आहे. म्हणून बंद गाडीला नुसता काटा लावून 'गॅस कमी आहे' असे ठामपणे सांगता येत नाही. खात्रीची रीत म्हणजे उरलेला गॅस यंत्राने काढून घेणे, गळती बुजवणे, नळ्या निर्वात करणे, आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस भरणे. जास्त भरला तरीही गारवा कमीच होतो. शिवाय आर-१३४ए हवेत सोडू नये. पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत तो वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक घ्या. तापाचा नको, त्याचे अंक ३५ अंशांच्या आसपास सुरू होतात. गाडी निरोगी असताना मधल्या झरोक्यात तो धरा. दहा मिनिटांनी बाहेरचे आणि झरोक्याचे तापमान वहीत लिहून ठेवा, आणि दर महिन्याला तसेच मोजा. मुलांनाच करू द्या. म्हणजे "पूर्वीसारखं कूलिंग नाही" या वाक्याला अंकांचा आधार मिळेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि फरक पाहावा, ही शास्त्राची शिस्त मुलांना पुस्तकाशिवाय कळेल.

श्रोतेहो, एकाच कार्याची अनेक कारणे असतात तेव्हा जवळचे, स्वस्त आणि निरुपद्रवी कारण आधी तपासावे. महागडे आणि धोक्याचे कारण शेवटी. शेतातली मोटर बंद पडली की आपण आधी फ्यूज पाहतो, लगेच विहिरीत उतरत नाही. गाडीच्या बाबतीतही एवढा धीर धरला, तर पैसा वाचेल, गाडी वाचेल, आणि एखाद्या पोराचा जीवही वाचेल.