टॉप गन मॅव्हरिक: आठवण उसनी, चेहरे खरे

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, जिथे असाल तिथे आवाज दोन पॉइंट वाढवा. आज विमानांबद्दल बोलायचंय.

आज मंगळवार, ७ जून २०२२. ‘टॉप गन: मॅव्हरिक’ लागून दीड आठवडा झालाय. २७ मेला आला. त्याच शुक्रवारी आपला ‘सरसेनापती हंबीरराव’ आला, ‘भूल भुलैया २’ आधीपासून ठाण मांडून होता, आणि मागच्या शुक्रवारी ‘मेजर’, ‘विक्रम’ आणि ‘सम्राट पृथ्वीराज’ असे तीन तीन एकदम आले. एवढ्या गर्दीत साठीला टेकलेल्या माणसाचा विमानांचा सिनेमा कोण बघणार, असं वाटू शकतं. टॉम क्रूझ येत्या ३ जुलैला साठ पूर्ण करतोय, हे गंमत म्हणून नाही सांगत. सिनेमाच त्यावर उभा आहे.

पण आधी एक प्रश्न. पहिला ‘टॉप गन’ आला १९८६ साली. तुमच्यातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्म नव्हता. माझा तर नव्हताच. मग सिनेमा सुरू होतो, ती घंटा वाजते, मागून तो सिंथेसायझर येतो, विमानवाहू जहाजाचा डेक, वाफ, पिवळ्या-हिरव्या जर्सीतली माणसं हातवारे करतायत, आणि आपल्या अंगावर काटा येतो. का? आपली कसली आलीय आठवण त्यात?

मला वाटतं ही उसनी आठवण आहे. काकाच्या कपाटातली कॅसेट, मामाचा तो गॉगल, केबलवर रात्री अकराला अर्धवट बघितलेला सिनेमा. हे सगळं आपल्याकडे सेकंडहँड आलंय. आणि उसनी आठवण विकणं हा सध्या मोठा धंदा आहे, हेही खरंय. जुन्या सिनेमातलं गाणं टाका, जुना हिरो दोन मिनिटं दाखवा, लोक शिट्ट्या मारतील, काम झालं. असे सिक्वेल आपण किती बघितलेत, नावं घेत नाही.

‘मॅव्हरिक’ पण सुरुवातीला तेच करतो. अक्षरं तीच, संगीत तेच, केनी लॉगिन्सचं गाणंही तेच. मी मनात म्हटलं, बरं, म्हणजे हे दोन तास असंच चालणार. पण नाही चालत. आणि का नाही चालत, ते सांगायलाच आज बसलेय.

ज्यांनी पहिला भाग बघितला नाहीये त्यांच्यासाठी पटकन. मॅव्हरिक हा नौदलाचा पायलट, हुशार आणि उर्मट. त्याच्या मागच्या सीटवर बसणारा त्याचा जिगरी दोस्त गूस. सरावात त्यांचं विमान दुसऱ्या विमानाच्या झोतात सापडतं, भोवऱ्यासारखं गरगरत खाली जातं, दोघं बाहेर उडी घेतात आणि गूस मरतो. मागे बायको आणि एक लहान मुलगा. हिरोचा प्रतिस्पर्धी आइसमन, म्हणजे व्हॅल किल्मर. एवढं पुरे. आणि एक गोष्ट, जी फार लोकांना माहीत नसते. त्या सिनेमासाठी अशाच भोवऱ्याचं शूटिंग करताना आर्ट शॉल नावाचा नावाजलेला कसरतपटू वैमानिक १९८५ मध्ये विमानासकट पॅसिफिक महासागरात पडून गेला. पहिला ‘टॉप गन’ त्याला अर्पण केलाय.

आता नवा सिनेमा. गूसचा तो लहान मुलगा मोठा झालाय, त्याचं नाव रूस्टर. माइल्स टेलरने केलाय, बापासारखीच मिशी. तो पण पायलट, आणि मॅव्हरिकवर त्याचा राग आहे. बाप गेला म्हणून नाही हं. मॅव्हरिकने त्याचे नौदल अकादमीचे कागद मागे घेतले, त्याची चार वर्षं वाया घालवली, म्हणून. खरं कारण वेगळंच आहे, आणि मॅव्हरिकने ते त्याला कधी सांगितलेलं नाही.

बारमधला सीन आठवा. बघितला नसेल तर स्पॉयलर नाहीये, ट्रेलरमध्येही आहे. रूस्टर पियानोवर बसून गाणं म्हणतो, तेच जे छत्तीस वर्षांपूर्वी त्याचा बाप म्हणायचा, याला पियानोवर बसवून. सगळा बार नाचतोय. आणि मॅव्हरिक बाहेर उभा आहे. पैसे नव्हते म्हणून आत्ताच त्याला उचलून बाहेर फेकलाय. तो काचेतून बघतोय. इथे जुनं गाणं शिट्ट्यांसाठी वाजत नाही. ते त्या माणसाला टोचतंय. आत सगळ्यांना मजा, याला एकट्याला माहितीय की हे गाणं कोणाचं आहे. माझ्या शोला या ठिकाणी हॉल असा शांत झाला की कोणाच्या तरी हातातला पॉपकॉर्नचा डबा चुरचुरलेला ऐकू आला.

आता विमानांकडे येऊ, कारण थेटर का, याचं उत्तर तिथे आहे.

आत्ता तुम्ही खुर्चीत बसलाय, तुमच्यावर जो भार आहे तो १ जी. जेट विमान झपकन वळतं किंवा वर उचललं जातं तेव्हा तो भार वाढत जातो. ७ जी म्हणजे ६० किलोचा माणूस त्या क्षणी ४२० किलोचा होतो. मान, गाल, पापण्या, सगळं सात पट. रक्त डोक्यातून पायाकडे ओढलं जातं. आधी रंग जातात, मग डोळ्यांसमोर काळं. म्हणून पायलट मांड्या-पोट गच्च आवळून, तुकड्या-तुकड्यांनी श्वास घेतात, आणि पायांभोवती हवेने फुगणारा सूट असतो.

पहिल्या सिनेमात कॉकपिटमधले नटांचे बहुतेक क्लोजअप जमिनीवरच घेतलेले होते. या वेळी दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्की आणि क्रूझ यांनी ठरवलं, नटांना वर न्यायचं. दोन सीटचं एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट घेतलं. पुढे नौदलाचा खरा पायलट, मागच्या सीटवर नट. कॉकपिटमध्ये आयमॅक्सच्या दर्जाचे सहा कॅमेरे बसवले. पुढचा पायलट फ्रेमच्या बाहेर, त्यामुळे आपल्याला वाटतं की नटच चालवतोय. क्रूझला स्वतःला हॉर्नेट चालवायचं होतं, नौदलाने नाही म्हटलं. शेवटी दिसणारं ते जुनं पी-५१ मस्टँग मात्र त्याच्या मालकीचं आहे, आणि ते तोच उडवतो.

बाकीच्या पोरांसाठी क्रूझने ट्रेनिंगच आखलं. आधी साधं सेसना, मग कसरतीचं एक्स्ट्रा ३००, मग एल-३९ जेट, मग हॉर्नेट. पाण्याखाली उलट्या झालेल्या कॉकपिटमधून बाहेर पडायचा सरावसुद्धा. आणि वर गेल्यावर दिग्दर्शक नाही, मेकअपमन नाही, लाइटवाला नाही. कॅमेरा स्वतःच चालू करायचा, सूर्य कुठे आहे ते बघायचं, संवाद म्हणायचे, आणि ओकारी आली तर ती पण सांभाळायची. खाली उतरल्यावर फुटेज बघायचं. चेहरा फ्रेममध्ये नसला किंवा अभिनय पडला, तर पुन्हा वर. असं करत ८०० तासांच्या वर फुटेज झालं. त्यातून आपल्यासमोर आलेला सिनेमा सव्वादोन तासांचाही नाही.

आता मोनिका बार्बारोचा, म्हणजे फीनिक्सचा चेहरा वळणावर बघा. गाल खाली ओघळतात, ओठ मागे ओढले जातात, डोळे बारीक होतात. तो अभिनय नाहीये यार! म्हणजे संवाद अभिनय आहे, पण गाल नाहीत. सहा इंचाच्या फोनवर हे दिसत नाही असं नाही, दिसतं. पण फोनवर आपण चेहऱ्यापेक्षा मोठे असतो. मोठ्या पडद्यावर तो चेहरा दोन मजले उंच असतो, मागे डोंगराची कडा येते आणि जाते, आणि सीटखालून जो घुमणारा आवाज येतो त्याने छाती हलते. मी खुर्चीचा हात पकडून पोट आवळून बसले होते. शेजारचा अनोळखी मुलगा पण तसाच. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हसलो. तेवढंच.

मोबाईलवाल्यांना मी शिव्या देत नाहीये. हा पॉडकास्ट तुम्ही मोबाईलवरच ऐकताय, माझं पोट त्यावर आहे. पण हा सिनेमा खरं तर २०१९ मध्येच यायचा होता. मग २०२० ठरलं, मग कोविड, मग पुढे, आणखी पुढे. मधल्या काळात कित्येक मोठे सिनेमे थेट ओटीटीवर गेले. हा नाही गेला. असं कधी होणारच नव्हतं, असं क्रूझने परवा कान फेस्टिवलमध्ये ठणकावून सांगितलं. आपल्याकडे थेटरं उघडली २२ ऑक्टोबर २०२१ ला, तीही निम्म्या खुर्च्यांवर फुल्या मारून. सगळे निर्बंध उठले ते या गुढीपाडव्याला. म्हणजे भरलेल्या हॉलची सवय परत लागून आपल्याला जेमतेम दोन महिने झालेत. आणि अमेरिकेतली बातमी अशी की दुसऱ्या वीकेंडची कमाई पहिल्यापेक्षा फक्त तीस टक्क्यांच्या आसपास घसरली. एवढे मोठे सिनेमे एरवी निम्म्याने तरी आपटतात. लोक एकमेकांना सांगतायत, जा, बघ.

सुरुवातीला एक सीन आहे. एड हॅरिस अ‍ॅडमिरल झालाय. तो मॅव्हरिकला सांगतो की बाबा, तुझी जमात संपणार आहे, पुढे विमानं माणसाशिवाय उडणार. मॅव्हरिक म्हणतो, असेल, पण आज नाही. वैमानिकाबद्दलचं हे बोलणं मला तरी थेटरबद्दलचं पण वाटलं. आणि क्रूझबद्दलचं. ड्रोन आणि सीजीआय, दोन्ही स्वस्त पडतात. सीजीआय या सिनेमातही आहेच, खोटं कशाला बोला. ते डार्कस्टार नावाचं विमान, माख १० गाठणारं, म्हणजे पुणे-मुंबई एका मिनिटाच्या आत, ते काही खरं उडलेलं नाही. पण आकार बनवायला लॉकहीड मार्टिनच्या स्कंक वर्क्सची मदत घेतली होती, म्हणून खोटं असून खोटं वाटत नाही.

आता व्हॅल किल्मर. घशाच्या कॅन्सरनंतर त्याचा आवाज जवळपास गेला. सिनेमात आइसमन पण आजारी आहे, अ‍ॅडमिरल आहे, बोलायचं असेल तर कॉम्प्युटरवर टाइप करतो. पलीकडे मॅव्हरिक रडवेला. पस्तीस वर्षांपूर्वी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं. मग आइसमन उठतो आणि घोगऱ्या आवाजात दोन वाक्यं बोलतो. पुढे एक चेष्टा, आपल्यात भारी पायलट कोण अशी. गळाभेट. इथे मेकअपने कोणी म्हातारं केलेलं नाही, कॉम्प्युटरने कोणाला तरुण केलेलं नाही. वेळ खरंच गेलीये. ती मधली छत्तीस वर्षं कुठलाच स्टुडिओ पैसे टाकून आणू शकत नाही.

आणि म्हणूनच मला इथे राग पण आला. पहिल्या सिनेमातली हिरॉइन केली मॅकगिलिस. २०१९ मध्ये तिने मुलाखतीत सांगितलं की मला कोणी विचारलंच नाही, आणि मी माझ्या वयाची दिसते, त्यांना ते नकोय. गूसची बायको झालेली मेग रायन पण नाही. मॅव्हरिकची प्रेयसी म्हणून जेनिफर कॉनेली आणली, आणि तिचं पात्र पहिल्या भागात फक्त बोलण्यात येतं. कॉनेली छान आहे, वादच नाही. पण पुरुषाच्या सुरकुत्यांवर कॅमेरा प्रेमाने रेंगाळतो आणि बाईच्या सुरकुत्यांना तिकीटच मिळत नाही, हे बघून मला खटकलं. खरं वय हीच सिनेमाची ताकद असेल तर ती अर्ध्यांनाच का?

दुसरं, शत्रू. देशाला नाव नाही, चेहरा नाही, काळ्या हेल्मेटमधली माणसं. नौदलाने विमानं दिली, तासाला ११ हजार डॉलरहून जास्त दराने, आणि संरक्षण खात्याचं लक्षही होतं. तेव्हा हा जाहिरातीचा भाग आहे हे डोक्यात ठेवूनच बघा. मी ठेवलं, आणि तरी टाळ्या वाजवल्या. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

आता एक मिनिट स्पॉयलर, नको असेल तर तीस सेकंद पुढे ढकला.

शेवटी मॅव्हरिक आणि रूस्टर शत्रूच्या तळावरून एक जुनं एफ-१४ पळवतात. पहिल्या सिनेमातलं तेच विमान. अमेरिकी नौदलाने ते २००६ मध्येच निवृत्त केलं. जगात अमेरिकेशिवाय ते एकाच देशाने घेतलं होतं, शाहच्या काळातल्या इराणने. सुटे भाग तिकडे पोचू नयेत म्हणून अमेरिकेने आपली निवृत्त विमानं यंत्रात घालून चक्क तुकडे तुकडे केली. म्हणजे निनावी शत्रूचं नाव या विमानाने हळूच सांगून टाकलं, फक्त बाहेर एवढा बर्फ का, ते विचारू नका! पण मजा बघा, मागच्या सीटवर गूसचा मुलगा. त्याला त्या जुन्या बटणांतलं काही कळत नाही, पुढचा ओरडतोय. म्युझियममधलं विमान आणि आपल्यासारखा नंतर जन्मलेला मुलगा. उसनी आठवण त्याला चालवायला लागते. मी त्या सीनला खुर्चीच्या टोकावर होते.

स्पॉयलर संपला.

सिनेमा टोनी स्कॉटला अर्पण केलाय, पहिल्या भागाचा दिग्दर्शक, २०१२ मध्ये गेला. ती पाटी येईपर्यंत बसा, गेटकीपर झाडू घेऊन उभा असला तरी.

बरं, कामाचं. या शुक्रवारी, १० जूनला ‘जुरासिक वर्ल्ड डोमिनियन’ येतोय. मोठे पडदे, आयमॅक्स, सगळं डायनासोरकडे जाणार. म्हणजे बुधवार-गुरुवार तुमच्या हातात. वीकडेला सकाळचा शो स्वस्त पडतो. पहिला भाग बघून जायचं असेल तर पावणेदोन तासांचा आहे, आज रात्री उरकून टाका. आणि ट्रॅफिक धरून दहा मिनिटं आधी निघा, कारण ती घंटा पहिल्याच मिनिटाला वाजते. भेटू पुढच्या मंगळवारी.