हप्ता विचारला, गोळी विचारली नाही



आमच्या गटातल्या एका ताईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. किमो झाली, लाईटही दिली. ताई घरी आल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांची ओटी भरली. "सुटलात बाई एकदाच्या," म्हणालो. गटाने त्यांना कर्ज दिलं होतं, त्याचा हप्ता दर महिन्याला लिहून घेत होतो.

पुढे आजूबाजूच्या गटांत विचारलं, तर कॅन्सरचे उपचार झालेल्या आणखी तिघी निघाल्या. चौघी एकाच दवाखान्यात, पण वेगवेगळ्या दिवशी जायच्या. प्रत्येकीचा रोज बुडायचा, सोबत येणाऱ्याचाही बुडायचा. तास न् तास बसून डॉक्टरांपुढे दोन मिनिटं मिळायची. आम्ही तिथल्या सिस्टरांना विचारलं, "चौघींना एकच तारीख द्याल का?" डॉक्टरही तयार झाले.

त्या दिवशी डॉक्टरांनी आधी एकेकीला पडद्याआड तपासलं. मग सगळ्यांना एकत्र बसवून तासभर बोलले. एकीने विचारलं, "अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही, हे गोळीमुळे का?" ते ऐकून आमच्या ताई हळूच म्हणाल्या, "मी तर त्यापायी गोळी सोडली. सहा महिने झाले."

आम्ही गप्पच झालो. त्यांचा हप्ता एकही चुकला नव्हता. गोळी घेता का, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावलं, की काही स्तनाचे कॅन्सर शरीरातल्या हार्मोनवर वाढतात. अशा बाईला टॅमॉक्सिफेनसारखी गोळी रोज, साधारण 5 वर्षं, कधी त्याहून जास्त घ्यावी लागते. मध्येच सोडली तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. त्रास होत असेल तर सांगायचं, त्यावर उपाय असतात. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं, तर तारखेची वाट न बघता दाखवायचं. ताईंची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली.

हाताचंही कळलं. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हातात पाणी साठून सूज येऊ शकते. घट्ट बांगड्या घालायच्या नाहीत, काटा किंवा विळा लागू द्यायचा नाही, चुलीचा चटका सांभाळायचा. खुरपताना हातमोजा घालायचा. सूज आली तर घरी शेकत बसायचं नाही. सिस्टरांनी हाताचे व्यायाम करून दाखवले, ते चौघींनी तिथेच करून बघितले.

स्तनाच्या कॅन्सरनंतर पहिली 3 वर्षं साधारण दर 3 ते 6 महिन्यांनी तपासणी असते, पुढची 2 वर्षं 6 ते 12 महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मॅमोग्राफी दरवर्षी. प्रत्येकीची तारीख मात्र तिचे डॉक्टरच ठरवतात. एसटीत आपल्याला 2023 पासून अर्धं तिकीट आहे. कॅन्सरच्या पेशंटला तपासणीला जाताना रेल्वेतही सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्यातून दाखला घ्यायचा.

असं एकत्र जायचं, तर दोन गोष्टी पाळा. तिथे ऐकलेलं गावात बोलायचं नाही. आणि जिला सगळ्यांसमोर बोलायचं नाही, तिला एकटीने डॉक्टरांशी बोलू द्यायचं.

आता आमच्या बैठकीच्या वहीत बचत आणि हप्ता यांच्या शेजारी तिसरा रकाना आहे, तपासणीची तारीख. ती त्या बाईला विचारूनच लिहितो. तारीख जवळ आली की सोबत कोण जाणार, हे बैठकीतच ठरतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशी एखादी ताई असेल. "बरी झालीस ना," एवढं विचारून थांबू नका. पुढची तारीख कधी आहे, गोळीचा त्रास होतो का, हे विचारा. आणि म्हणा, "चल, आम्ही येतो."