नव्या गाडीचा दावा



आज समोर मोटारमालक बरेच दिसताहेत, काहींच्या घरची माणसंही आली आहेत. म्हणून प्रास्ताविक न करता मुद्द्यालाच हात घालतो. दहा वर्षं चाललेल्या ट्रकपेक्षा सहा महिन्यांच्या ट्रकचा अपघाती दावा जास्त अवघड असतो. ऐकायला हे उलटं वाटेल. गाडी नवी, कागद नवे, पॉलिसी शोरूममध्येच काढलेली, मग अडचण कसली? मी सर्व्हेअर म्हणून काम करत आलो आणि सगळ्यात हवालदिल झालेला मालक मला नव्या गाडीशेजारी उभा दिसला. जुन्या गाडीच्या मालकाचं नुकसान फार तर गाडीएवढं असतं. नव्या गाडीच्या मालकाच्या डोक्यावर जवळजवळ गाडीच्या किमतीएवढं कर्ज असतं. गाडी वर्कशॉपमध्ये पडून असली तरी ठरल्या तारखेला हप्ता जातोच. बुडालेलं भाडं, हुकलेली फेरी, भरलेला हप्ता यांतलं काहीही साधी पॉलिसी देत नाही. म्हणून नव्या गाडीच्या दाव्यात प्रत्येक दिवसाला किंमत असते, आणि दिवस वाया जातात ते बहुतेक वेळा अपघाताच्या आधीच राहून गेलेल्या गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट पासिंगची. नवा ट्रक म्हणजे पुष्कळदा चॅसिस आणि केबिन. बॉडी नंतर बांधून घ्यायची. तोवर गाडी तात्पुरत्या नोंदणीवर असते. तिची मुदत ठरलेली असते आणि बॉडीचं काम लांबलं की ती संपते. सर्वोच्च न्यायालयाचा 2014 सालचा एक निकाल प्रत्येक मोटारमालकाच्या घरी माहीत असायला हवा. एक पिकअप गाडी होती, विमा चालू होता, पण तात्पुरती नोंदणी 11 जानेवारी 2006 रोजी संपली आणि 2 फेब्रुवारीला अपघात झाला. तीन आठवडे. मालकाला कायम नोंदणीसाठी अर्ज केल्याचं किंवा मुदत वाढवून मागितल्याचं दाखवता आलं नाही. न्यायालय म्हणालं, नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हा कराराचा मूलभूत भंग आहे, आणि दावा पूर्णच गेला. 2021 मध्ये चोरीच्या एका प्रकरणातही हेच झालं. परमिटचंही तसंच. परमिट नसलेल्या ट्रकबद्दल 2018 मध्ये न्यायालयानं तीच कठोर भूमिका घेतली: रस्त्यावरच्या पीडिताला कंपनीनं पैसे द्यावेत, पण ते मालकाकडून वसूल करावेत. तेव्हा “एक फेरी मारून येऊ, पासिंग परवा होईलच” असं म्हणत असाल तर त्या फेरीची किंमत अख्खी गाडी असू शकते.

दुसरी गोष्ट बॉडीच्या किमतीची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वाधिक पैसा इथे बुडतो.

पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा आकडा असतो. तुमची गाडी किती किमतीची धरली आहे, तो हा आकडा. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीची किंमत पाच टक्के कमी धरतात, सहा महिने ते वर्षाच्या गाडीची पंधरा टक्के, दोन वर्षांपर्यंत वीस. व्यावसायिक गाडीच्या पॉलिसीत चॅसिस आणि बॉडी यांचे आकडे वेगळे लिहिलेले असतात. आता हिशेब करा. चॅसिस 34 लाखांची, बॉडी 4 लाखांची. दोन्ही नोंदवल्या तर आयडीव्ही 36 लाख 10 हजार. पण पॉलिसी निघाली तेव्हा बॉडी बांधलीच नव्हती आणि नंतर कुणी नोंदवली नाही, तर आकडा राहतो 32 लाख 30 हजार. समजा कर्ज 35 लाख बाकी आहे आणि गाडी कसारा घाटात दरीत गेली. पॉलिसीवर फायनान्स कंपनीचं नाव हायपोथिकेशनच्या कलमाखाली असतं, त्यामुळे गाडी पूर्ण गेली तर पैसे आधी त्यांना जातात. पहिल्या हिशेबात कर्ज फिटून तुमच्या हातात लाखभर तरी उरतात. दुसऱ्या हिशेबात गाडी गेली, चार लाखांची बॉडी गेली, आणि वर 2 लाख 70 हजारांचं देणं तुमच्या अंगावर. एक एंडॉर्समेंट आणि थोडा जादा प्रीमियम, एवढंच राहून गेलं होतं.

याच आकड्यावर आणखी एक निर्णय ठरतो. गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. खाली राहिला तर दुरुस्ती. नव्या गाडीच्या मालकाला बहुतेक वेळा टोटल लॉस हवा असतो, कारण एकदा चॅसिस वाकली की ती गाडी पुन्हा तशी धावत नाही आणि विकायला काढली तर भाव येत नाही. तुम्ही टोटल लॉस मागू नका असं मी म्हणणार नाही. मागा, पण कागदावर मागा. वर्कशॉपचं इस्टिमेट पूर्ण हवं. केबिन उतरवून, चॅसिस मोजून, आतलं काय मोडलं ते सगळं त्यात यायला हवं. घाईघाईत केलेलं अर्धवट इस्टिमेट 60 टक्क्यांवर थांबतं, दुरुस्ती सुरू होते, आणि उघडल्यावर नवा खर्च निघत राहतो. तोवर निर्णय झालेला असतो. आणि हे लक्षात ठेवा की पॉलिसीच्या दिवशी ठरलेला आयडीव्ही पूर्ण पॉलिसी-वर्षभर बाजारभाव म्हणून धरायचा असतो. दहाव्या महिन्यात अपघात झाला म्हणून टोटल लॉसमध्ये त्यातून पुन्हा घसारा कापता येत नाही. कुणी कापत असेल तर लेखी हरकत घ्या.

आता आयएमटी या तीन अक्षरांकडे वळू. तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर, खालच्या बाजूला, बारीक अक्षरात आयएमटी 7, 21, 23, 28 असे आकडे, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या कलमांचे क्रमांक, लिहिलेले असतात. वर्षानुवर्षं पॉलिसी काढणारे मालकही ते वाचत नाहीत. 7 म्हणजे फायनान्सवाल्यांचं कलम, ते सांगून झालं. 21 आणि 23 ही जोडी ट्रकच्या बाबतीत निर्णायक आहे. 21 सांगतं की गाडी टोटल लॉस नसेल तर दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचे पैसे मिळणार नाहीत. ट्रकचा अपघात म्हणजे दहापैकी आठ वेळा पुढचा भाग जातो, आणि पुढचा भाग म्हणजे हेच सगळं. 23 मध्ये जादा प्रीमियम भरून हे भाग परत विम्यात घेता येतात. ज्यांच्या पॉलिसीवर फक्त 21 आहे आणि 23 नाही त्यांना समोरासमोरच्या धडकेत बिल आणि मंजूर रक्कम यांत मोठी दरी दिसते, आणि ते सर्व्हेअरवर चिडतात. सर्व्हेअरच्या हातात तिथे काही नसतं. स्वस्तात पॉलिसी देणाऱ्यानं बहुधा हेच कलम वगळून प्रीमियम कमी केलेला असतो, आणि घेणाऱ्याला ते सांगितलेलं नसतं. मला हा अन्याय वाटतो. पॉलिसी विकणाऱ्यानं ट्रकमालकाला हे एक वाक्य तोंडानं सांगितलंच पाहिजे, आणि मोटारमालक संघांनी तसा आग्रह धरला पाहिजे.

सुट्या भागांचा घसारा हा वेगळा विषय, तो पटकन सांगतो. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीच्या लोखंडी भागांवर घसारा नाही, वर्षभरापर्यंत पाच टक्के, दोन वर्षांपर्यंत दहा. काचेवर नाही. फायबरवर तीस टक्के. पण रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर पन्नास टक्के, गाडी काल घेतलेली असली तरी. हल्लीच्या केबिनमध्ये प्लास्टिक किती आहे ते तुम्ही पाहताच. झिरो डेप्रिसिएशन व्यावसायिक गाडीला मिळतं का, आणि कोणत्या अटींवर, हे गाडी घेतानाच विचारा.

अपघात झाला की मात्र पहिले दोन दिवस हातचे जाऊ देऊ नका. जखमींना दवाखान्यात नेणं हे पहिलं काम. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नं ते ड्रायव्हरवर बंधनकारक केलं आहे, आणि 24 तासांत पोलिसांना कळवणंही. जमाव मारेल या भीतीनं ड्रायव्हर पळतो, ते समजण्यासारखं आहे, आणि कायदाही जमावाच्या रागाला अपवाद करतो. पण जवळच्या ठाण्यात हजर होण्यासाठीच पळावं. त्यानंतर लगेच कंपनीला कळवा आणि दावा क्रमांक घ्या. ट्रकच्या बाबतीत गाडी हलवण्याआधी स्पॉट सर्व्हे होतो. महामार्गावर पोलिस गाडी बाजूला घ्यायला सांगतातच, समृद्धीवर किंवा बोरघाटात तर थांबूच देत नाहीत. तेव्हा हलवण्याआधी चारही बाजूंनी, नंबर प्लेट आणि रस्त्याची खूण दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ काढा. क्रेनचं बिल घ्या, पण ते पूर्ण मिळेल असं धरू नका. मूळ पॉलिसीत गाडी ओढून नेण्यासाठी फक्त 2,500 रुपयांची मर्यादा आहे, आणि घाटातून भरलेली गाडी वर काढायला त्याच्या कितीतरी पट लागतात. ती मर्यादा जादा प्रीमियमनं वाढवून घेता येते.

बिल्टी, ई-वे बिल आणि काटा पावती जपून ठेवा. गाडी ओव्हरलोड असेल तर दावा आपोआप मरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये मान्य केलेल्या पद्धतीप्रमाणे क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या गाडीचा दावा 75 टक्क्यांपर्यंत देता येतो. म्हणजे चौथा हिस्सा तुमचा गेला, पण सगळं गेलं नाही. “गाडी ओव्हरलोड होती, क्लेम नामंजूर” एवढंच उत्तर आलं तर ते शेवटचं समजू नका. आणि मालाचं नुकसान गाडीच्या पॉलिसीत बसत नाही. माल व्यापाऱ्याचा असला तरी 2007 च्या कायद्यानुसार वाहतूकदाराची जबाबदारी असते. मालाची जास्त किंमत आधी नोंदवलेली नसेल तर ती जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते.

ड्रायव्हरच्या लायसन्सवर दावे सर्वाधिक अडतात. बोगस लायसन्स निघालं तर मालक बुडालाच असं लोक समजतात. तसं नाही. मालकानं लायसन्स पाहिलं, ते वरून खरं दिसत होतं आणि माणसाला गाडी चालवता येते याची खात्री करून घेतली, तर आरटीओत जाऊन पडताळणी करण्याचा बोजा त्याच्यावर नाही, असं न्यायालयानं वेळोवेळी म्हटलं आहे. म्हणून नोकरीवर ठेवताना लायसन्सची प्रत, तारीख आणि चाचणी घेतल्याची नोंद वहीत करा. टेम्पो-पिकअप चालवणाऱ्यांना मोठा दिलासा नोव्हेंबर 2024 मध्ये मिळाला. एकूण वजन 7,500 किलोंच्या आतली व्यावसायिक गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायम केलं. मोठ्या ट्रकला मात्र जड वाहनाचं लायसन्स लागतंच.

आता माझ्या व्यवसायाबद्दल. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असतो, पण तो अंतिम शब्द नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. त्यात चूक असेल तर वर्कशॉपची बिलं आणि फोटो घेऊन लेखी भांडा. अहवालाची प्रत मागा, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे अहवाल मिळाल्यापासून कंपनीनं 7 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तुमच्या हाताबाहेरचा कागद मागून दावा अडवून ठेवणं चूक आहे, हे चोरीला गेलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात 2022 मध्ये न्यायालयानं कंपन्यांना कडक शब्दांत सुनावलं. पैसे घेताना डिस्चार्ज व्हाउचरवर सही मागतात. हप्ते थकलेले असताना माणूस कमी रकमेवरही सही करतो. तेव्हा त्याच दिवशी “रक्कम निषेधासह स्वीकारली” असं पत्र किंवा ईमेल पाठवून ठेवा. दबावाखाली दिलेल्या सहीमुळे उरलेला हक्क संपत नाही.

तक्रार आधी कंपनीकडे करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर एक-दोन गाड्यांच्या मालकाला विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, मुदत एक वर्षाची. नाहीतर ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. “ट्रक धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहक नाही” असं कुणी म्हणालं तर सांगा, विमा नफा कमावण्यासाठी नाही तर नुकसान भरून काढण्यासाठी घेतलेला असतो, असं 2023 च्या निकालात आहे.

शेवटचा मुद्दा माणसांचा आहे, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. पॉलिसीतल्या 15 लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याचं नाव आहे मालक-चालक. तो गाडी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे स्वतःचं लायसन्स आहे, त्याचाच. पगारी ड्रायव्हरला तो मिळत नाही. ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्याबद्दलची मालकाची कायदेशीर जबाबदारी आयएमटी 28 खाली येते, आणि तिथे माणसांची संख्या लिहिलेली असते. गाडीवर दोघं असतात आणि पॉलिसीत एकच लिहिलेला असतो, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. मग क्लीनरच्या आईला काय द्यायचं, हा प्रश्न मालकाच्या ओसरीवर येतो. रस्त्यात हात दाखवून केबिनमध्ये चढणाऱ्या माणसाचंही तसंच. मालासोबतचा मालधनी किंवा त्याचा माणूस विम्यात बसतो, भाडं देऊन चढलेला प्रवासी बसत नाही.

सभा संपल्यावर मी मागच्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांच्या फोनवर पॉलिसीची पीडीएफ आहे त्यांनी ती उघडून घेऊन यावं. बॉडीची रक्कम, 23 आणि 28 आहेत की नाहीत, आणि 28 पुढे माणसं किती लिहिली आहेत, एवढं प्रत्येकाचं पाहून देतो. एखाद्याच्या पॉलिसीत कमी निघालं, तर एंडॉर्समेंटसाठी कंपनीला द्यायचा अर्ज इथेच लिहू.