रोगाआधी आलेली भीती

हैदराबादेत करोनाचा पहिला रोगी २ मार्च २०२० रोजी जाहीर झाला. भीती मात्र त्यापूर्वीच येऊन दाखल झाली होती. कोंबडीच्या मांसातून हा रोग जडतो, अशी वावडी भ्रमणध्वनीवरील संदेशांतून उठली आणि बिर्याणीच्या या नगरीत गिऱ्हाइके कोंबडीकडे पाठ फिरवू लागली. अखेर २८ फेब्रुवारीस राज्याच्या मंत्र्यांना भर व्यासपीठावर कोंबडी खाऊन दाखवावी लागली! पुढे ४ मार्चला एका संशयित रुग्णाच्या वार्तेसरशी माधापुरातील माइंडस्पेस संकुलातून कर्मचारी भराभर घरी परतले. संशयित आणि बाधित यांतील भेद घाईच्या मथळ्यांत कुठला टिकायला? त्या व्यक्तीस रोग नसल्याचा निर्वाळा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून आला, तेव्हा तेथील कार्यालये ओस पडली होती.