डाग पाण्याचा, बोलणी बाईला
(जांब समर्थ येथील महिला बैठकीत केलेले भाषण)



बोलायचं होतं कायद्यावर. पण मघाशी चहाच्या वेळी एक मुलगी म्हणाली, "ताई, सासूबाई म्हणतात, माहेरी संडास धुवायलाही शिकवलं नाही." म्हणून आधी डागांवर बोलते. हसू नका.

मीही इथलीच सून. समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून आपल्या गावाला लोक येतात. घरी पाहुणे आले की माझा जीव संडासाच्या भांड्यात अडकलेला! आपल्या बोअरचं पाणी जड. साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही. त्या पाण्यातला चुना भांड्यावर थरावर थर बसतो. पाण्यातल्या किंवा जुन्या पाइपातल्या लोखंडाला हवा लागली की गंज धरतो. नळ टिपटिप गळतो, तिथंच तांबडा ओघळ. म्हणजे हा डाग घाणीचा नाही, आळसाचा तर नाहीच.

पण बोलणी खाऊन मी काय केलं? ॲसिडची बाटली ओतली. वर पाण्यात टाकायची टीसीएल पावडर टाकली. दार लावलेलं. छातीत असा काही जाळ झाला की जावेनं ओढून बाहेर काढलं. या दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो. तो जीव घेऊ शकतो. ही दोन कधीच एकत्र करू नका. नुसत्या टीसीएलनं गंज निघतही नाही. आणि ॲसिडनं आपल्या किती लेकींचे चेहरे जाळले! २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. घरात ती बाटली हवीच कशाला?

किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं. भांड्यातलं पाणी मगानं उपसा. तांब्याभर कोमट पाण्यात तीन-चार चमचे लिंबूसत्व विरघळवा, जुनं फडकं भिजवून डागावर पसरा. रात्रभर राहू द्या. सकाळी फडकं काढा, ब्रशनं घासा. जुना थर एका रात्रीत जात नाही, दोन-तीनदा करावं लागतं. तारेची घासणी नको. चरे पडले की डाग तिथंच पुन्हा धरतो.

आणि गळक्या नळाचा वायसर बदला. आमच्या घरी तो दोन वर्षं कुणी बदलला नाही, डाग मात्र मी घासत होते. शेवटी म्हटलं, वायसर बसल्याशिवाय ब्रश हातात घेणार नाही. आठव्या दिवशी बसला. आता रविवारी भांडं मुलगा घासतो. सासूबाईंना अजून ते रुचत नाही.

चला, आता कायद्याकडे वळू.