पोटासाठी सुटलेले गाव
(संस्थेच्या अमृतमहोत्सवी समारंभात इंदूर येथे केलेले भाषण)



गेल्या माघात मी व माझी पत्नी कुलदैवताच्या दर्शनास गुहागरला जाऊन आलो. त्या निमित्ताने चार शब्द बोलावे अशी चिटणिसांची आज्ञा झाली. देवळे आणि समुद्र ह्यांचे वर्णन करण्यासाठी मी उभा नाही. ते आपण मजहून चांगले पाहिले असेल. विद्यार्थ्यांचे भोजनगृह बंद करून त्या जागी सभागृह बांधावे, असा एक ठराव सध्या आपल्यापुढे आहे. माझ्या प्रवासाचा त्या ठरावाशी संबंध आहे, म्हणून बोलतो.

आमच्या घरात व्याडेश्वराचे नाव घेतल्याशिवाय मंगलकार्याला आरंभ होत नाही. पण तीन पिढ्यांत त्याचे दर्शन कोणी घेतले नव्हते. पूर्वी ते सोपेही नव्हते. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली; आता चिपळुणास उतरावे आणि पुढे सुमारे ४५ किलोमीटर मोटारीने जावे, एवढेच काम उरले आहे. आम्हांस नेणारा गाडीवाला वाटेत म्हणाला, "तुमची मराठी चांगली आहे हो!" दोनशे वर्षे माळव्यात राहून जपलेल्या भाषेला हे प्रशस्तिपत्र मिळाले. हसावे की रडावे ते कळेना.

गुहागर हे एका रस्त्याचे गाव. वरचा पाट आणि खालचा पाट अशा वस्त्या, रस्त्याला लागून घरे, आणि घरामागे थेट समुद्रापर्यंत गेलेल्या नारळी-पोफळीच्या चिंचोळ्या बागा. आमच्या भाऊबंदांचे घर अजून उभे आहे. त्यात दूरच्या नात्याने माझ्या काकू लागणाऱ्या एक बाई व त्यांचा धाकटा मुलगा राहतात. थोरला मुलगा मुंबईस, नातवंडे पुण्यास. दारावर 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी आहे. घर टिकले आहे ते बागेच्या उत्पन्नावर नव्हे, ह्या पाटीवर.

पहिल्या रात्री पाने मांडली. नारळाच्या रसातली एखादी भाजी, सोलकढी, असे काहीतरी मनात धरून आम्ही बसलो, तो पानात पनीर आले! "तुम्ही उत्तरेकडची माणसे, म्हणून मुद्दाम चिपळुणाहून आणवले," काकू म्हणाल्या. आम्ही ते निमूटपणे खाल्ले, आणि चांगलेही झाले होते. दुसऱ्या दिवशी पत्नीने धीर करून कुळथाच्या पिठल्याची गोष्ट काढली. काकूंचा चेहरा एकदम उतरला.

"अगं, ते काय पाहुण्यांना वाढायचे? लोक म्हणतील, ह्यांच्या घरात दुसरे काही नव्हते."

बंधुभगिनींनो, इंदुरात आपण दरवर्षी स्नेहभोजनात 'अस्सल कोकणी बेत' करतो. कुळथाचे पिठले त्यात मानाने मिरवते. त्यात लसूण किती असावी ह्यावर आपल्याकडे वादही झालेले आहेत. आणि ज्या घरातून ते आले त्या घरची वडीलधारी बाई ते पाहुण्यांपासून लपवते.

पुढे ओटीवर बसून त्यांनी जे सांगितले ते मी त्यांच्याच क्रमाने सांगतो. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरचा भात शिमग्यापर्यंत पुरे. मग नाचणीची भाकरी आणि पेज. भाताची कापणी झाली की उरल्या ओलीवर कुळीथ पेरायचे. त्याला ना पाणी लागे, ना मशागत, म्हणून तेच कालवण. आणि नारळ? "नारळ विकायचा असतो रे. घरात यायचा तो तडकलेला नाहीतर किडका." मी बागेकडे पाहत राहिलो. तिथे पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो आणि उतारावरून सगळा समुद्रास मिळतो. डोंगरावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरीपलीकडे फारसे काही होत नाही. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले आणि त्यांच्यामागून कोकणातली घरेच्या घरे घाट चढली, हे आपण अभिमानाने सांगतो. कर्तबगारी होतीच. पण घाट चढणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी एक रिकामे मडकेही होते, हे सांगण्याचा आपला प्रघात नाही.

माळव्याने आपणांस गहू दिला. माझ्या आजीचे मोदक तळणीचे, कणकेचे आणि सुक्या खोबऱ्याचे असत. तो आमचा कुळाचार अशी घरातली समजूत. काकूंना ते सांगताच त्या खुदकन हसल्या. इथे ओला नारळ मिळत नव्हता, तांदळाची ताजी पिठी नव्हती, तेव्हा कोणा पणजीने कढई चढवली आणि दोन पिढ्यांत तिचे शास्त्र झाले. घाटल्याचेही तसेच. गौरीच्या नैवेद्याला आमच्याकडे घावनाबरोबर गाईच्या दुधातले घाटले, त्यांच्याकडे नारळाच्या रसातले. मात्र गौरी दोन्हीकडे खड्यांच्याच. पाणवठ्यावरून मुकाट्याने खडे आणायचे, ते तिथेही तसेच आणि इथेही तसेच. खडा कुठेही मिळतो, म्हणून तेवढे बदलले नाही, असे मला वाटते. जे बदलले त्याचे मला वाईट वाटत नाही. ती पणजी शहाणी बाई होती.

जाता जाता एक गंमत. आम्ही सोबत शेव आणि जीरावन नेले होते. काकूंच्या मुलाने ते दडप्या पोह्यांवर घालून पाहिले, आणि आता तो दर महिन्याला जीरावन मागवतो. उद्या एखादा प्रवासी 'अस्सल गुहागरी' म्हणून ते खाईल.

आता ठरावाकडे वळतो. १९४८ साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, अनेकांच्या नोकऱ्या डळमळल्या, आणि त्यानंतर थोड्याच काळात आपली संस्था निघाली. धार, देवास, महिदपूरकडून शिकावयास येणाऱ्या मुलांना दोन वेळचे जेवण मिळावे, हा तिचा पहिला उद्देश. त्यांपैकी काही त्यापूर्वी वार लावून जेवत होते. दाते सगळे आपलेच होते असे नाही. जुन्या वहीत सराफ्यातल्या मारवाडी दुकानदारांनी दिलेल्या गव्हाच्या पोत्यांची नोंद आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी कार्यालयात ती वही पाहावी.

आज भोजनगृहात येणारी मुले बहुतेक झाबुआ, बडवानी, खरगोणकडची. कोणी भिलाला, कोणी पाटीदार. "ह्यांत आपली किती?" असा प्रश्न गेल्या सभेत विचारला गेला. प्रश्न विचारणाऱ्यांचा मी आदर करतो. सभागृहाची गरजही खोटी नाही, लग्नकार्यांना आपल्याला जागा भाड्याने घ्यावी लागते. पण ह्या मुलांचे गाव डोंगराळ, शेत उताराचे, आणि धान्य वर्षभर पुरत नाही म्हणून मोठा भाऊ सुरतेस बांधकामावर गेलेला. हे वर्णन मी दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गावाविषयी ऐकून आलो आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, सभागृह वरच्या मजल्यावर बांधावे. खर्च वाढेल, वाढणाऱ्या खर्चातला माझा वाटा मी आजच खजिनदारांकडे लिहून दिला आहे. चूल मात्र खालीच, आहे तिथे राहू द्यावी.

निघताना काकूंनी अखेर पिठले केले, आणि वर दोन किलो पीठ व थोडी आमसुले बांधून दिली. ती मी भोजनगृहाच्या कोठीत ठेवली आहेत. आचाऱ्याने हे पीठ पूर्वी पाहिलेले नाही. गुठळ्या होऊ न देता ते कसे वैरावे, हे माझी पत्नी येत्या गुरुवारी जाऊन त्यास दाखवणार आहे.