सुट्टीत समुद्राचं कोणतं गाव?

दिवाळी झाली किंवा मुलांच्या परीक्षा संपल्या की आपल्याकडे घरोघरी विषय निघतो, ‘यंदा समुद्र पाहू या.’ मग एकजण म्हणतो अलिबाग, दुसरा गणपतीपुळे, तिसरा मालवण. शेवटी ज्याचा आवाज मोठा, त्याचं गाव ठरतं!

बुलढाणा जिल्ह्यात मोठं खारं पाणी आहे ते लोणारच्या सरोवराचं. त्याला भरती नाही की ओहोटी नाही. समुद्र मात्र दिवसातून साधारण दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो. पैनगंगेच्या डोहात पोहायला शिकलेला आपला मुलगा ‘मला पोहता येतं’ म्हणून लाटांत शिरतो आणि तिथेच घात होतो. म्हणून गाव ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. सोबत कोण आहे? हाती दिवस किती आहेत? आणि त्या दिवसांत भरती केव्हा आहे?

दोन-तीन दिवसच असतील, तर अलिबाग बरं. रात्री मलकापूर किंवा शेगावहून मुंबईची गाडी धरली, की सकाळी ठाण्याला उतरता येतं. पुढे पनवेल, पेण करत रस्त्याने अलिबाग. कान्होजी आंग्र्यांचं ठाणं असलेला कुलाबा किल्ला इथे भर समुद्रात उभा आहे. चांगली ओहोटी असली की तिथे चालत जाता येतं. मुलांना याचं फार अप्रूप वाटतं.

सोबत आजी-आजोबा असतील, तर गणपतीपुळे. मंदिर अगदी किनाऱ्याला लागून आहे. दर्शन होतं आणि बसल्या जागी समुद्रही दिसतो. घरात कोणी माळकरी असेल, तर शाकाहारी जेवणाचीही अडचण पडत नाही. मात्र इथला समुद्र पाहण्याचा, पोहण्याचा नव्हे. पाणी एकदम खोल होतं आणि ओढही जबर आहे. आजवर इथे अनेक पर्यटक बुडाले आहेत.

आठवडाभराची सवड असेल, तर मालवण. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि कुडाळपर्यंतची वाट सोपी झाली. तरी जाण्यायेण्यात आपले तीन-चार दिवस मोडतात, हे धरूनच चालावं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली पायाभरणी केलेल्या सिंधुदुर्गात होडीने जावं लागतं. चहूकडे खारं पाणी, पण किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं पाणी गोड! पावसाळ्यात होड्या बंद असतात, हे मात्र ध्यानात ठेवावं.

आता भरतीचं गणित. कोकणातली जुनी माणसं हे तोंडी सांगतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल, तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला हेच गणित सव्वाअकराला येतं. म्हणजे त्या दिवशी दुपारी कुलाबा किल्ल्यावर चालत जायचा बेत आखला, तर काठावरूनच नमस्कार करावा लागणार. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला भरतीला उधाण असतं, तर अष्टमीच्या आसपास पाणी पुरतं ओसरत नाही. हा ढोबळ अंदाज आहे. किल्ल्याकडे निघण्यापूर्वी तिथल्या कोळी बांधवांना वेळ विचारावीच. ते ‘थांबा’ म्हणाले, तर थांबावं.

आणखी एक. ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरू नये. तेव्हा पाणी माणसाला आत ओढतं. भरतीतही गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नये. लाल बावटा किंवा धोक्याची पाटी दिसली, तर ती आपल्यासाठीच आहे असं समजावं.

तेव्हा यंदा गाव ठरवताना कालनिर्णय भिंतीवरून काढून सगळ्यांच्या मध्ये ठेवा. आधी तिथी पाहा, मग तिकिटं काढा. समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. गेलेली सगळी माणसं हसतखेळत घरी परत आली, म्हणजे सहल पावली.